मार्जिनताईचा दावा

कोर्टाच्या मागच्या फाटकाजवळ पूर्वी पत्र्याची एक लांबट शेड होती. तिच्यात ओळीने सात टेबलं, सात टाइपरायटर आणि सात टायपिस्ट. सकाळी दहाच्या सुमाराला सगळी यंत्रं एकदम सुरू झाली की पत्र्यावर कुणीतरी पोतंभर वाटाणे ओततंय असं वाटायचं. वकील आपापल्या टायपिस्टच्या कानाशी वाकून मजकूर सांगायचे, पक्षकार समोरच्या बाकावर तोंड पाडून बसलेले असायचे, आणि या गदारोळात खिडकीकडच्या शेवटच्या टेबलावर एक मुलगी मान खाली घालून टाइप करत असायची. सातांत बाई अशी ती एकटीच. तिला सगळे मार्जिनताई म्हणत.

नाव पडलं ते पहिल्याच वर्षी. एका वकिलाला कागद वाचवायची भारी हौस. तो म्हणाला, "अहो ताई, डावीकडे एवढी जागा कशाला सोडता? चार शब्द बसतील तिथं." ती मान वर न करता म्हणाली, "बसतील ना. पण फाइलला भोक पाडलं की तुमचा अशील त्या भोकात जाईल." सगळी शेड खदखदून हसली. तेव्हापासून डावीकडे दोन बोटं समास म्हणजे दोन बोटं, यात बदल नाही, आणि मार्जिनताई हे नाव चिकटलं ते कायमचं.

त्या शेडचे दिवस आठवले की आजही तिचा चेहरा खुलतो. पाच प्रतींसाठी चार कार्बन घालून कागद यंत्रात सरळ बसवणं हे काही खायचं काम नव्हतं. पाचवी प्रत इतकी फिकी यायची की ती वाचायला नशीब लागतं असं शेजारचे म्हातारे टायपिस्ट म्हणत. दुपारी जेवणाच्या सुट्टीत सगळी यंत्रं थांबली की कान एकदम हलके व्हायचे. मग कुणी रिबन बदलायचं, कुणी जुन्या टूथब्रशने अक्षरांमधली शाई काढायचं, कुणी टेबलावर डोकं टेकून दहा मिनिटं झोप काढायचं. भांडणंही व्हायची. पण एखाद्याचं यंत्र अडलं की उरलेले सहाजण त्याची कामं वाटून घ्यायचे, तेही न सांगता.

ती सर्वांत जास्त काम करायची थोरल्या वकिलांचं. हे गृहस्थ उंच, किडकिडीत, आणि चष्मा कपाळावर चढवून तोच चष्मा सगळीकडे शोधणारे. मजकूर सांगताना ते शेडमध्ये येरझाऱ्या घालत. लांब वाक्य आलं की पार फाटकापर्यंत जात, आणि पूर्णविरामाला परत येत. त्यांची लहान लेक शाळा सुटली की मार्जिनताईच्या टेबलाखाली बसून गृहपाठ करायची. टेबलाखाली तिने फाटक्या कार्बनचं घर केलं होतं. हात-तोंड निळं करून ती बाहेर यायची आणि थोरले वकील म्हणायचे, "ही कोण? माझी पोरगी की शाईची बाटली?"

मार्जिनताई या शेडमध्ये कशी आली, याची गोष्ट मात्र एका वाचनालयापासून सुरू होते.

तिची आई ती पाच वर्षांची असताना गेली. बाबा बस डेपोत मेकॅनिक. घरात दोघंच. शाळा दुपारी सुटायची आणि बाबांची पाळी संध्याकाळी सहाला संपायची. मधले चार तास पोरीने कुठे काढायचे, हा प्रश्न. शाळेच्या वाटेवर एक वाचनालय होतं, दगडी पायऱ्यांचं, आत मुलांचा वेगळा विभाग. फुकट. तिथले ग्रंथपाल सगळ्या गावाचे लाडके. त्यांना सगळे काका म्हणत. गरिबाच्या मुलांना ते पुस्तकं घरी नेऊ द्यायचे, फाटलेली पानं स्वतः चिकटवायचे. बाबा निर्धास्त झाले. पोरगी वाचतेय, सावलीत बसलीय, आणखी काय हवं?

आणि तिला वाचनालय आवडायचंही. हे तिने पुढे कधी नाकारलं नाही. उंच कपाटांमधली थंडगार गल्ली, वरच्या फळीसाठी ठेवलेली डुगडुगणारी शिडी, मागच्या पानावर मारलेले तारखांचे जांभळे शिक्के. आपल्याआधी हे पुस्तक कुणी कुणी नेलं असेल याचा अंदाज बांधत ती बसायची. आठव्या वर्षी तिने मुलांच्या विभागातली एक अख्खी भिंत वाचून संपवली होती.

नऊ वर्षांची झाली तेव्हा काकांनी तिला आतल्या खोलीत पुस्तकांना कागद चढवायला मदतीला बोलवायला सुरुवात केली. त्या खोलीत काय झालं हे ताईने आयुष्यात एकदाच सांगितलं, आणि ते कोर्टाच्या कागदांत आहे. इथे इतकंच, की ते वर्षभर चाललं, आणि "तू माझी सर्वांत हुशार वाचक आहेस, हे आपलं गुपित" असं तो दरवेळी म्हणायचा.

एका संध्याकाळी बाबा मोरीत हातांचं ग्रीस घासून काढत होते. ती दारात उभी राहिली.

"बाबा, मी वाचनालयात नाही जाणार."

"का गं? पुस्तकं संपली की काय सगळी?"

"ते काका…" ती म्हणाली, आणि पुढचा शब्दच येईना. तिला तो शब्द माहीतच नव्हता.

बाबांचे हात थांबले. नळ तसाच वाहत राहिला. ते तिच्याकडे वळले. मग म्हणाले, "बरं. उद्यापासून शाळा सुटली की डेपोत ये."

एवढंच. ना काही विचारलं, ना पुढे कधी विषय काढला. दहा वर्षांच्या पोरीला आधी हायसं वाटलं. मोठी होत गेली तसं मात्र वाटायला लागलं, की बाबांना कळलं नाही, किंवा कळूनही त्यांनी कानाआड केलं. हा सल तिने उराशी तसाच ठेवला. बाबांवर तिचा फार जीव होता, म्हणून तो सल जास्त टोचायचा.

डेपोचे दिवस मात्र सोन्याचे होते. डिझेलचा वास, खड्ड्यात उतरून बसच्या पोटाखाली काम करणारे मेकॅनिक, दुरुस्त झालेली बस सुरू झाली की सगळ्यांनी मिळून केलेला गलका. ड्रायव्हर लोक तिला मोकळ्या बसमध्ये आपल्या जागेवर बसवायचे. ती दोन्ही हातांनी ते भलं मोठं स्टिअरिंग धरून जगभर फिरून यायची. डेपोच्या कचेरीत एक कारकून बाई होत्या, जाडजूड, कडक, कुणाशी फारसं न बोलणाऱ्या. सगळे त्यांना वचकून असत. या बाईंनी दुसऱ्याच आठवड्यात आपल्या टेबलाशेजारी एक स्टूल आणून ठेवलं.

"इथं बसायचं. माझ्या नजरेसमोर," त्या म्हणाल्या. "आणि नुसतं बसायचं नाही. बोटं इकडे आण."

त्यांनी तिला टाइप करायला शिकवलं. यंत्र जुनं होतं. त्यातला 'ण' कायम अर्धी ओळ वर उडायचा, त्यामुळे 'आणि' आणि 'पण' हे शब्द नेहमी उडी मारल्यासारखे दिसायचे. ती हसायची. बाई म्हणायच्या, "हसू नकोस, म्हातारा झालाय बिचारा." यंत्रावर फडकं टाकून बोटं चालवायला लावायच्या. चुकलं की पान नवं. बाराव्या वर्षी ती डेपोची रजेची पत्रकं टाइप करत होती आणि एकोणिसाव्या वर्षी कोर्टाच्या शेडमध्ये स्वतःच्या टेबलावर बसली.

आता दुसरी गोष्ट. शेडमध्ये येऊन तिला अडीच वर्षं झाली असतील. थोरले वकील एक कैफियत सांगत होते. कैफियत म्हणजे ज्याच्यावर दावा लागलाय त्याचं लेखी उत्तर. एका तरुणाने आपल्या चुलत्यांवर घराच्या हिश्शासाठी दावा लावला होता, आणि थोरले वकील चुलत्यांच्या बाजूने होते.

"लिहा," ते येरझाऱ्या घालत म्हणाले, "वादी अज्ञान असताना सदर गोष्ट घडली. वादी सज्ञान झाल्यापासून तीन वर्षांच्या आत त्याने दावा दाखल केलेला नाही. सबब दावा मुदतबाह्य आहे, पूर्णविराम."

तिची बोटं थांबली. "साहेब, म्हणजे काय?"

"म्हणजे असं बघा. लहान मूल कोर्टात कसं येणार? म्हणून कायदा त्याच्यासाठी थांबतो. अठरा पूर्ण होईपर्यंत थांबतो, वर आणखी तीन वर्षं देतो. एकविसावा वाढदिवस उलटला की दार बंद. मग कितीही खरं असो, कोर्ट ऐकून घेत नाही."

"कशाच्याही बाबतीत?"

"मालमत्ता असो, इजा असो, अन्याय असो. घ्या पुढे."

ती एकवीस वर्षं आणि आठ महिन्यांची होती. अडीच वर्षं ती त्याच कोर्टाच्या आवारात, दाखल-खिडकीपासून तीस पावलांवर बसून लोकांचे दावे टाइप करत होती, आणि तिचं स्वतःचं दार तिच्या डोळ्यांदेखत बंद झालं होतं. कुणी सांगितलं नव्हतं. कोण सांगणार? तिने कुणाला विचारलंच नव्हतं. त्या दिवशी मार्जिनताईचा समास पहिल्यांदा आणि शेवटचा वाकडा आला. थोरल्या वकिलांनी कपाळावरचा चष्मा नाकावर घेऊन तो कागद बघितला, तिच्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "बरं नाही का वाटत? जा घरी, उद्या करू."

पुढच्या अडतीस वर्षांत तिने ते वाक्य शेकडो वेळा टाइप केलं. दावा मुदतबाह्य आहे. बोटांना ते इतकं पाठ झालं की डोळे मिटूनही आलं असतं. कधीकधी ते टाइप करताना ती समोरच्या बाकावर बसलेल्या माणसाकडे बघायची, आणि त्याच्याकडे पाण्याचा ग्लास सरकवायची.

मधल्या काळात बरंच घडलं. लग्नाचं दोनदा ठरता ठरता राहिलं. दोन्ही वेळा तिनेच पाऊल मागे घेतलं. बाबा निवृत्त झाले, थकले. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात ती दुपारभर त्यांच्या उशाशी बसायची. एकदा वाटलं, आता विचारावं. ओठांवर आलं होतं. तेवढ्यात बाबांनीच डोळे उघडले आणि विचारलं, "तुला डेपोत कंटाळा नाही ना यायचा?"

"नाही हो बाबा. मजा यायची."

"मग झालं," ते म्हणाले आणि भिंतीकडे वळले. तिला वाटलं, भ्रम झालाय. चार दिवसांनी ते गेले.

मग कॉम्प्युटर आले. सात टेबलांची चार झाली, चारांची दोन. शेवटी शेड पाडून तिथे गाड्या लावायला जागा केली. थोरले वकीलही गेले. त्यांची ती निळ्या तोंडाची लेक वकील होऊन त्यांच्याच खुर्चीत बसली. ताईने काही वर्षं तिच्याकडे काम केलं आणि साठाव्या वर्षी घरी बसली. यंत्र तिने घरी आणलं होतं. विकायला मन धजेना, वापरायला कारण नव्हतं.

ती बासष्ट वर्षांची असताना एका सकाळी भाजी चिरता चिरता तिने रेडिओवर बातमी ऐकली. नवा कायदा झाला होता. लहानपणी ज्यांच्यावर लैंगिक अत्याचार झाले, त्यांची मुदत पूर्वीच संपलेली असली तरी, त्यांना आता दोन वर्षांच्या आत दिवाणी दावा लावता येणार होता. अत्याचार करणाऱ्यावर, आणि ज्या संस्थेने डोळेझाक केली तिच्यावरसुद्धा. बातमी पाऊण मिनिटाची. पुढे हवामान सांगितलं. ताईने रेडिओ बंद केला, चिरलेली भाजी तशीच ठेवली आणि दुपारपर्यंत त्याच खुर्चीवर बसून राहिली.

लगेच काही ती उठून कोर्टात गेली नाही. सात महिने गेले. आता काय करायचं उकरून? तो माणूस मरूनही वीस वर्षं झाली. लोक म्हणतील, म्हातारीला काय सुचलंय. असं ती स्वतःला समजावत राहिली. मग एका रविवारच्या पेपरात वाचनालयाची जाहिरात आली. मुलांच्या विभागाचं नूतनीकरण पूर्ण झालं होतं, आणि दारावर त्या काकांच्या नावाची नवी पाटी लागणार होती. सोबत फोटो, तोच हसरा चेहरा. 'मुलांचा सच्चा मित्र.'

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या वकिलांच्या लेकीसमोर बसली होती.

"मावशी! किती दिवसांनी! चहा सांगू?"

"चहा नंतर. वही घे. दावा सांगायचाय."

"कुणाचा?"

"सांगते. लिहून घे आधी." ताईने हात मांडीवर घट्ट धरले आणि शेडमध्ये वकील सांगायचे त्याच सुरात सुरुवात केली. "वादीचे वय बासष्ट वर्षे. व्यवसाय, निवृत्त टायपिस्ट. सदर गोष्टी घडल्या तेव्हा वादीचे वय नऊ ते दहा वर्षे होते. वादी रोज शाळा सुटल्यावर वाचनालयाच्या बालविभागात जात असे…"

'मी' हा शब्द तिने एकदाही वापरला नाही. वकील लेकीचं पेन तिसऱ्या वाक्याला थांबलं. "मावशी…" ती म्हणाली.

"थांबू नकोस," ताई म्हणाली. "तू थांबलीस तर मीही थांबेन, आणि मग काही खरं नाही. लिही पुढे."

वीस मिनिटं ती बोलत होती. सगळं सांगून झाल्यावर म्हणाली, "पूर्णविराम." मग वकील लेक उठली, टेबलाला वळसा घालून आली आणि लहानपणी बसायची तशी खाली जमिनीवर, ताईच्या पायांशी बसली.

"काय मागायचं?" शेवटी तिने विचारलं. "भरपाईचा आकडा घालावा लागेल."

"आकडा तू घाल कायद्याला लागतो तेवढा. मला ती पाटी उतरवून हवी. आणि त्यांनी लेखी म्हणायला हवं, की हे झालं."

वाचनालय चालवणाऱ्या संस्थेची कैफियत दोन महिन्यांनी आली. ताईने चष्मा लावून पहिला परिच्छेद वाचला आणि तिला चक्क हसू फुटलं. "दावा मुदतबाह्य आहे," ती मोठ्याने म्हणाली. "अगं, नव्या कायद्याचा पत्ताच नाही यांना. आणि समास बघ! काय ही अवस्था, अर्धं अक्षर भोकात गेलंय."

मुदतीचा मुद्दा न्यायाधीशांनी एका तारखेत निकाली काढला. नवा कायदा स्पष्ट होता, दावा वेळेत होता. ताई मागच्या बाकावर बसली होती. 'दावा मुदतीत आहे' हे शब्द तिने इतक्या वर्षांत लोकांच्या दाव्यांत इतक्या वेळा टाइप केले होते, पण कानांनी ऐकताना तिला ते कुठल्यातरी नव्या भाषेतले वाटले.

पण पुढचा डोंगर मोठा होता. माणूस हयात नाही, साक्षीदार नाही. संस्था म्हणत होती, आमच्याकडे कधी कुणी तक्रार केलीच नाही, आम्हाला काय ठाऊक? तेव्हा वकील लेकीने अर्ज दिला, की संस्थेने त्या काळची सभावृत्तांताची वही आणि आलेली पत्रं कोर्टात हजर करावीत. संस्थेचा आत्ताचा चिटणीस चाळिशीतला, सरळ माणूस होता. त्याने माळ्यावरची ट्रंक उघडली आणि जे होतं ते सगळं, न चाळता, बांधून कोर्टात आणून दिलं.

कागद तपासायला दोघी कोर्टाच्या दप्तरखान्यात बसल्या होत्या. दुपारची वेळ. वकील लेक वही बघत होती आणि ताई पत्रांचा गठ्ठा उलटत होती. एक पान उलटल्यावर तिचा हात जागीच थांबला. अजून तिने एक ओळही वाचली नव्हती. तिला दिसला तो फक्त अर्धी ओळ वर उडालेला 'ण'.

"हे आमच्या डेपोतलं यंत्र आहे," ती म्हणाली.

"काय, मावशी?"

"वाच. माझ्याच्याने नाही होणार."

वकील लेकीने वाचलं. "चिटणीस साहेबांस, मी बस डेपोत मेकॅनिक आहे. माझी मुलगी दहा वर्षांची असून तिला आई नाही. ती तुमच्या वाचनालयात रोज येत होती. तुमच्या ग्रंथपालाने तिच्याशी वाईट वर्तन केलेले आहे. ती बोलली नाही पण मला समजले. मी तीन वेळा आपल्याकडे आलो, मला भेट दिली नाही, म्हणून लिहून देत आहे. त्या माणसाला मुलांच्या विभागातून काढावे. माझ्या मुलीला कोणी काही विचारू नये. तिला आता त्रास नको. जे विचारायचे ते मला विचारावे." खाली बाबांची सही, ग्रीसच्या बोटाचा पुसट डाग, आणि तारीख. नळ वाहत राहिलेल्या त्या संध्याकाळनंतर बरोबर अकरा दिवसांची.

वहीत त्या महिन्याच्या सभेची नोंद होती. "विषय सात. एका पालकाचे पत्र वाचण्यात आले. दप्तरी दाखल."

ताईला रडू आलं ते आधी बाबांसाठी नव्हे, त्या कडक कारकून बाईंसाठी. बाबांना टाइप येत नव्हतं. म्हणजे ते सगळं त्यांनी बाईंना तोंडी सांगितलं असणार. ग्रीसचे हात मागे धरून, मान खाली घालून, एक एक शब्द. आणि बाईंनी ते टाइप केलं असणार, मग उठून एक स्टूल आणून आपल्या टेबलाशेजारी ठेवलं असणार. आपल्या नजरेसमोर. दोघांनी आयुष्यात तिला याची गंधवार्ता लागू दिली नाही. मग बाबांचा तो शेवटचा प्रश्न आठवला, आणि तिने तोंडावर पदर नाही, हातरुमाल नाही, समोरची कोरी फाइलच धरली.

"बाबांनी विचारलं होतं गं मला," ती हुंदके देत म्हणाली, "डेपोत कंटाळा नाही ना यायचा म्हणून. पन्नास वर्षं मला वाटत होतं, त्यांनी काहीच केलं नाही. त्यांना जे जमलं ते सगळं केलं त्यांनी. वर मलाच विचारत होते, बरं केलं ना."

दप्तरखान्याचा कारकून पाणी घेऊन आला. त्याला काही कळलं नव्हतं, पण त्याने ग्लास सरकवला आणि निमूट बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

साक्षीच्या दिवशी संस्थेच्या वकिलाने तिला विचारलं, "तुम्ही चाळीस वर्षं कोर्टाच्या दारात बसलात. कायदा तुम्हाला तोंडपाठ. मग इतके दिवस गप्प का?"

"मुदत काय असते हे मला कळलं तेव्हा माझी संपून आठ महिने झाले होते," ताई म्हणाली. "त्याआधी या गोष्टीला काय म्हणतात तेच मला माहीत नव्हतं. दावा लिहायला शब्द लागतात, साहेब. नऊ वर्षांच्या मुलीकडे ते कुठून येणार?"

वकिलाने कागद गोळा केले आणि खाली बसला.

निकाल तिच्या बाजूने लागला. संस्थेला कळवलं गेलं होतं आणि संस्थेने ते दडपलं, असं न्यायाधीशांनी स्वच्छ लिहिलं. संस्थेने अपील केलं नाही. भरपाईची रक्कम ताईने घेतली आणि तिचं काय केलं हे तिने कुणाला सांगितलं नाही, विचारायची कुणाची छातीही झाली नाही. चिटणीस स्वतः घरी येऊन माफीचं पत्र देऊन गेला. दारात घुटमळला. म्हणाला, "पाटी काढली. आता नवी करायचीय. नाव तुम्ही सुचवा. तुमच्या वडिलांचं देऊ या का?"

ताईला क्षणभर मोह झाला. मग तिने मान हलवली. "बाबांना नाही आवडणार. सगळे वर मान करून बघतील. नुसतं 'बालविभाग' लिहा. आणि ती आतली खोली आहे ना, तिचं दार काढून टाका. तेवढं केलंत तरी पुष्कळ."

त्याने दार काढलं. ताई बघायला गेली नाही. मात्र त्या आठवड्यात ती जुन्या डेपोच्या रस्त्याने मुद्दाम चालत गेली. डेपो आता दुसरीकडे हलला होता, तिथे मोठं दुकान उभं होतं. कचेरी कुठे होती, खड्डा कुठे होता, याचा अंदाज घेत ती फुटपाथवर बराच वेळ उभी राहिली. दुकानाचा पहारेकरी म्हणाला, "काही हवंय का, आजी?" ती म्हणाली, "नाही रे. इथं माझे दिवस फार मजेत गेले." तो हसला. तीही हसली. मग बस आली, आणि ती खिडकीशी जागा मिळाली म्हणून खूश होऊन घरी आली.

नव्या कायद्याची दोन वर्षं संपायला अजून पाच महिने आहेत. दर गुरुवारी ताई वकील लेकीच्या कचेरीत जाऊन बसते. लोक येतात, बहुतेक साठीच्या पुढचे. कुणी बहिणीला घेऊन, कुणी कुणालाही न सांगता. गेल्या गुरुवारी एक निवृत्त पोस्टमन आला होता. धिप्पाड माणूस, मांडीवर टोपी. पाऊण तास तो रस्त्यांच्या खड्ड्यांबद्दल आणि आपल्या गुडघ्यांबद्दल बोलत होता. ताईने मध्ये एकदाही तोंड घातलं नाही. शेवटी तो टोपीची कड चाचपत म्हणाला, "माझी तर फार जुनी गोष्ट आहे, ताई. उशीर झाला असेल."

"नाही झालेला," ताई म्हणाली आणि नवा कागद पुढे ओढला. "बोला. मी लिहून घेते."